परदेशी कशासाठी जाता?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे भारतीय पासपोर्ट चाळले, तर मागच्या पानांवर व्हिसाच्या शिक्क्यांहून वेगळे शिक्के दिसतात. बँकेचं नाव, तारीख, रक्कम आणि अधिकाऱ्याची सही. अमुक तारखेला या प्रवाशाला इतके पौंड किंवा इतके डॉलर दिले, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. रेशनकार्डावर साखर-रॉकेलची नोंद व्हावी तशी ही परदेशी चलनाची नोंद. पुन्हा मागायला गेलात, की आधी कधी आणि किती घेतलं ते खिडकीपलीकडच्या कारकुनाला दिसायचं.

हे रेशनिंग अर्धशतकाहून जास्त चाललं. कोटा किती, हे दर काही वर्षांनी बदलायचं आणि त्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. पण कोट्याच्या आधी एक प्रश्न असे, आणि सगळी व्यवस्था त्या प्रश्नावर उभी होती: परदेशी कशासाठी जाता? शिकायला, उपचाराला, धंद्याला, परिषदेला, यात्रेला, अशी उत्तरं सरकारला पटायची. जग बघायला, हे उत्तर बराच काळ उत्तरच नव्हतं.

युद्धकाळाची देणगी

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं आणि त्याच महिन्यात भारत संरक्षण नियमांखाली हिंदुस्थानात विनिमय नियंत्रण लागू झालं. त्याची अंमलबजावणी आली रिझर्व्ह बँकेकडे. बँक तेव्हा उणीपुरी साडेचार वर्षांची होती. त्यासाठी तिने एक नवा विभाग सुरू केला.

या नियंत्रणाची सीमा हिंदुस्थानची सीमा नव्हती, स्टर्लिंग क्षेत्राची, म्हणजे पौंडाशी चलन बांधलेल्या देशांच्या गटाची होती. रुपया पौंडाला बांधलेला होता, एक शिलिंग सहा पेन्स या दराने. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाणाऱ्याला पैसे नेण्यात फारशी अडचण नव्हती. अडत होतं ते न्यूयॉर्कला जाणाऱ्याचं. डॉलर हे युद्धसामग्री विकत घेण्याचं साधन होतं, आणि साम्राज्यातल्या देशांनी कमावलेले डॉलर लंडनच्या एकाच गंगाजळीत जमा होत. हिंदुस्थानने ताग आणि चहा विकून मिळवलेले डॉलरही तिथेच जायचे.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचं सुमारे १,७०० कोटी रुपयांचं देणं लागत होतं. ही रक्कम लंडनमध्ये पौंडांत अडकलेली होती. जुलै १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत हिंदी शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या शिष्टमंडळात होते. परिषदेने विषयाला हात लावला नाही. हा तुमचा आणि ब्रिटनचा आपसातला मामला, असं ठरलं. देश कागदावर श्रीमंत होता, पण खर्चायला मोकळं चलन नव्हतं. त्याच परिषदेतून निघालेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या घटनेत अशा देशांसाठी चौदावं कलम होतं. संक्रमणकाळापुरती बंधनं ठेवा, अशी मुभा त्यात होती. भारताचा हा संक्रमणकाळ १९९४ पर्यंत टिकला.

युद्धकाळचे नियम युद्धाबरोबर संपायचे होते. त्यांच्या जागी २५ मार्च १९४७ पासून परकीय चलन नियमन कायदा आला. स्वातंत्र्याला अजून साडेचार महिने होते. हा कायदाही मुदतीचा होता, पण मुदतवाढ मिळत गेली आणि १९५७ साली तो कायमचा झाला. त्याचं मूळ तत्त्व साधं होतं. परदेशी चलन ज्याच्या हाती येईल त्याचं नाही. ते अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं आणि रुपये घ्यायचे. ते बाळगायला, द्यायला, घ्यायला परवानगी लागेल. परवानगी नसेल तर तो गुन्हा.

सहलीला चलन नाही

स्वातंत्र्यानंतरची पहिली आठ-नऊ वर्षं तशी सुसह्य होती. देशमुख १९५० साली अर्थमंत्री झाले. पौंडांची शिल्लक हळूहळू मोकळी होत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ च्या जुलैत मंत्रिपद सोडलं. तोवर दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. भिलाई, रुरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे करायचे तर यंत्रं बाहेरून आणायची होती. मार्च १९५६ ला देशाकडे सुमारे ९०० कोटी रुपयांचं परकीय चलन होतं. दोन वर्षांत ते सव्वाचारशे कोटींच्या आसपास आलं.

इथून प्रवाशाची दशा बदलली. १ मे १९५६ रोजी दिल्लीत अर्थव्यवहार विभागाखाली एक छोटं अंमलबजावणी पथक निघालं. मुंबई आणि कलकत्ता इथे त्याच्या दोन शाखा होत्या, आणि काम होतं परकीय चलनाच्या कायद्याचे भंग शोधणं. पुढल्याच वर्षी त्याला संचालनालय हे नाव मिळालं. आज 'ईडी' या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी संस्था ती हीच. तिचा जन्म प्रवाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पौंड-डॉलरवर नजर ठेवण्यासाठी झाला. १९५७ नंतर निव्वळ सहलीसाठी परकीय चलन मिळणंच बंद झालं.

असं वागणारा भारत एकटा नव्हता, हेही सांगायला हवं. खुद्द ब्रिटनने १९६६ साली आपल्या नागरिकांना स्टर्लिंग क्षेत्राबाहेरच्या सुट्टीसाठी वर्षाला ५० पौंडांची मर्यादा घातली. पॅरिसला जाणाऱ्या इंग्रज कुटुंबाच्या पासपोर्टमध्येही मागच्या पानावर रक्कम लिहिली जात होती. फरक एवढाच, की इंग्रजाला किती न्यायचे ते विचारलं जायचं. भारतीयाला आधी कशासाठी, हे विचारलं जायचं.

यात्रेकरूंच्या नोटा

यात्रा हे मात्र मान्य कारण होतं. त्यापायी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली जे केलं, ते नाणी-नोटांच्या संग्राहकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

कुवेत, बहरीन, कतार, दुबई या आखाती भागात त्या काळी भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत होता. तिथल्या बँकांत साठलेल्या नोटा भारतात परत आल्या की रिझर्व्ह बँकेने त्यांच्या बदल्यात पौंड द्यायचे, अशी व्यवस्था होती. हे छिद्र सोन्याच्या व्यापाऱ्यांनी ओळखलं. सोन्याचा मुंबईतला भाव बाहेरच्या भावाहून कितीतरी चढा होता. आखातातून गलबतांनी सोनं मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरायचं, विकलं जायचं, आणि मिळालेल्या नोटांच्या थप्प्या त्याच वाटेने परत आखातात. तिथून त्या बँकेमार्फत भारतात यायच्या आणि देशाच्या तिजोरीतून पौंड निघायचे. चोरट्या सोन्याची किंमत अशा रीतीने रिझर्व्ह बँकच चुकती करत होती.

मे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. नक्षी तीच, रंग वेगळा, क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' हे अक्षर. शंभराची नोट हिरवी, पाचाची नारिंगी. या नोटा भारतात चालत नव्हत्या. त्यामुळे मुंबईत सोन्याच्या मोबदल्यात मिळालेली साधी नोट आखातात नेऊन उपयोग उरला नाही.

आता प्रश्न राहिला हाजींचा. मुंबईच्या गोदीतून मोगल लाइनची जहाजं यात्रेकरूंना घेऊन जेद्दाला जायची. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात देशभरातून आलेली माणसं जहाजाची वाट बघत थांबायची. ती सोबत साधे रुपये नेत आणि तिकडे बदलून घेत. साध्या नोटा बाहेर जायला बंदी करायची आणि यात्राही अडवायची नाही, हे कसं साधायचं? बँकेने खास हाजींसाठी दोन नोटा छापल्या: दहाची निळी आणि शंभराची लाल. क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरं, आणि नोटेवर 'हज' हा शब्दच इंग्रजीत छापलेला. या नोटा सौदी अरेबियात बदलून मिळत. मुंबईच्या बाजारात त्यांना किंमत नव्हती. देशाच्या चलनावर प्रवासाचं कारण छापलं गेल्याचं हे उदाहरण आहे. नोट हातात घेणाऱ्याला दिसावं, की हा माणूस कशासाठी निघाला आहे.

ही व्यवस्था फार टिकली नाही. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरचा भाव एका दिवसात ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि उरलेल्या बहुतेक आखाती राज्यांनीही रुपया सोडला. आखाती नोटा आणि हजच्या नोटा दोन्ही इतिहासजमा झाल्या. आज त्या दिसतात त्या लिलावांच्या सूचीत, आणि मोठी किंमत मिळवतात.

आठ डॉलर

साठच्या दशकात बाहेर पडणाऱ्या सर्वसाधारण प्रवाशाला मिळायचे तीन पौंड, म्हणजे साधारण आठ डॉलर. अवमूल्यनाआधी त्याचे चाळीस रुपये होत, नंतर साठ. विमानतळापासून मुक्कामापर्यंत पोचावं, एवढाच त्यामागचा हिशेब.

पण आठ डॉलर ही शेवटची पायरी. त्याआधी होता 'पी फॉर्म'. तिकीट रुपयांत काढायचं असलं तरी रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेला हा फॉर्म दाखवल्याशिवाय विमान कंपनी किंवा जहाज कंपनी तिकीट देऊ शकत नव्हती. तर्क असा: परदेशी कंपनीला दिलेले रुपये शेवटी परकीय चलन होऊनच तिच्या देशात जाणार. आणि तिकीट देशी कंपनीचं असलं, तरी माणूस तिकडे उतरल्यावर खाणार काय? म्हणून फॉर्मसोबत त्या प्रश्नाचं उत्तर जोडावं लागे. विद्यापीठाने फी माफ करून शिष्यवृत्ती दिली असल्याचं पत्र, परिषदेचं निमंत्रण, नाहीतर तिकडच्या नातेवाइकाने लिहून दिलेली हमी, की या पाहुण्याचा राहण्या-जेवण्याचा सगळा खर्च मी करीन. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईलाही जावयाकडून असं पत्र मागवावं लागायचं. सासूच्या जेवणाची हमी जावयाने रिझर्व्ह बँकेला लिहून द्यायची!

ज्यांना याहून जास्त चलन मिळे, त्यांना बहुधा ट्रॅव्हलर्स चेक घ्यावे लागत. बँकेच्या किंवा थॉमस कुकसारख्या कंपनीच्या काउंटरवर बसून एकेका चेकवर कारकुनासमोर सही करायची. परदेशात वटवताना तिथल्या कारकुनासमोर खाली दुसरी सही. दोन्ही जुळल्या तर पैसे. चेक हरवले तर परत मिळत, म्हणून क्रमांकांची यादी वेगळ्या खिशात ठेवायची. त्या पिढीच्या प्रवाशांना ही सवय इतकी जडली, की पुढे क्रेडिट कार्ड आल्यावरही अनेकांनी ती सोडली नाही.

अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला, आणि इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञांना तिकडची दारं उघडली. पवईच्या आयआयटीतून, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून मुलं निघू लागली, ती हे आठ डॉलर घेऊन. पुण्यात जन्मलेले आणि पुढे इंटेलमध्ये पेंटियम चिपमुळे नावाजलेले विनोद धाम १९७५ साली सिनसिनाटीला शिकायला गेले, तेव्हा त्यांच्याही खिशात आठच डॉलर होते. त्या पिढीच्या यशोगाथांत हे आठ डॉलर कर्तृत्वाची खूण म्हणून येतात. 'मी आठ डॉलर घेऊन आलो' हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं. पण गरिबीशी त्याचा संबंध असेलच असं नव्हतं. घरची सुबत्ता असली आणि वडील पाच हजार रुपये द्यायला तयार असले, तरी त्या रुपयांचे डॉलर होत नव्हते. ती तंगी देशाची होती, आणि ती प्रत्येकाच्या खिशात सारखी वाटली जात होती.

कारणं तयार करणारी माणसं

कारण पटल्याशिवाय चलन नाही, असं ठरलं की कारणं तयार होऊ लागतात. सहलीला जाणारा कुठलंसं परिषदेचं निमंत्रण मिळवायचा. हमीपत्र देणारा नातेवाईक कागदावरच यजमान असायचा. सर्वांत चालणारी युक्ती घरगुती होती. लंडनचा काका तिकडे पौंड देई आणि त्या बदल्यात इकडे त्याच्या आईला तेवढे रुपये पोचवले जात. एकही नोट सीमा ओलांडत नसे. दोन्ही बाजूंना हा फक्त मदतीचा हात वाटे, पण १९४७ च्या कायद्यात असा परस्पर व्यवहार स्पष्ट शब्दांत निषिद्ध होता. हीच पद्धत अनोळखी माणसांत आणि मोठ्या प्रमाणावर चालली की तिला हवाला म्हणतात. आखातात मजुरीला गेलेल्या कोकणातल्या माणसांचे पैसेही कित्येकदा याच वाटेने गावी पोचायचे, कारण सरकारी दर आणि बाजारातला दर यांत चांगलंच अंतर होतं.

सरकारचं उत्तर होतं आणखी कडक कायदा. १९७३ चा 'फेरा' १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. रकमेच्या पाचपट दंड, खटला झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद, आणि आरोपीचा हेतू वाईट होता हे गृहीत. तो नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस तस्करी आणि परकीय चलनाच्या गुन्ह्यांसाठी खटल्याविना स्थानबद्ध करता येईल असा 'कॉफेपोसा' आला. घरातल्या कपाटात राहिलेल्या वीस डॉलरच्या नोटेला आणि सोन्याच्या तस्कराला एकाच कायद्याची भाषा लागू होती.

भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्याभोवतीही तेच जाळं होतं. त्याने आणलेल्या चलनाचं घोषणापत्र कस्टम्सला द्यायचं, पैसे बदलताना बँकेकडून दाखला घ्यायचा, आणि जाताना उरलेले रुपये परत बदलायचे तर तो दाखला दाखवायचा. कुलाब्याच्या फुटपाथवर 'चेंज मनी?' म्हणत मागे लागणारी माणसं हे त्या दाखल्यांचंच दुसरं टोक होतं.

गाठी सुटतात

ढिलाई आली ती थेंबाथेंबाने. सहल हे कारण म्हणून हळूच यादीत आलं. ऐंशीच्या दशकात परदेश प्रवास योजनेखाली तीन वर्षांतून एकदा ५०० डॉलर मिळत होते, कोणतंही निमंत्रण किंवा हमी न दाखवता. पी फॉर्मही गेला. मराठी मध्यमवर्ग गटागटाने युरोप बघायला निघाला तो याच सुमारास. राहणं, जेवण, बस हे सगळं आधीच रुपयांत भरलेलं असलं, की ५०० डॉलर खरेदीला पुरत.

मग आलं १९९१. जूनमध्ये देशाकडे जेमतेम एक अब्ज डॉलर होते, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते. स्टेट बँकेने सरकारकडचं जप्तीचं २० टन सोनं परत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं होतंच. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईच्या विमानतळावरून लंडनला धाडून त्यावर कर्ज उचललं. तीस-पस्तीस वर्षं प्रवाशाच्या खिशातला डॉलर-डॉलर मोजूनही देश या वळणावर आला होता. तेलाची आयात, कर्जं आणि तूट यांनी जे गेलं, त्यापुढे सहलीला गेलेल्यांचे डॉलर नगण्य होते. पाकीट तपासून तिजोरी भरत नाही, हे या संकटाने दाखवून दिलं.

पुढची वाट वेगाने कापली गेली. रुपयाचं अवमूल्यन, १९९२ मध्ये दुहेरी दर, १९९३ मध्ये बाजाराने ठरवलेला एकच दर. सरकारी आणि काळ्या बाजारातल्या दरांमधलं अंतर मिटत गेलं, तसा हवालाचा नफाही आटला. २० ऑगस्ट १९९४ रोजी भारताने नाणेनिधीचं आठवं कलम स्वीकारलं आणि चौदाव्या कलमातला तो 'संक्रमणकाळ' एकदाचा संपला. 'फेरा' रद्द होऊन १ जून २००० पासून 'फेमा' आला. कैदेची शिक्षा गेली, दंड पाचपटीवरून तिपटीवर आला, आणि परदेशी चलन बाळगण्यातली चूक फौजदारी न राहता दिवाणी ठरली. फेब्रुवारी २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची उदारीकृत योजना आली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, आणि सहलीचा खर्च तिच्यातच धरला जातो.

प्रश्न अजून आहे

म्हणजे नियम संपले का? नाही. परदेशी जाताना नोटांच्या रूपात साधारण ३,००० डॉलरच मिळतात, बाकीचे कार्डावर. परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत बँकेला विकायचं. जवळ ठेवता येतात २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक. नाण्यांना मर्यादा नाही. येताना नोटा ५,००० डॉलरहून अधिक, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरहून अधिक असेल तर कस्टम्सला सांगायचं. नेपाळ-भूतानला जायचं तर परकीय चलन मिळतच नाही, तिथे आपला रुपया चालतो. आणि हज-उमराहच्या यात्रेकरूंना रोख रकमेच्या मर्यादेत आजही वेगळी सवलत आहे. १९५९ च्या लाल-निळ्या नोटा गेल्या, पण यात्रेला वेगळा नियम ही कल्पना टिकली.

प्रश्नही टिकला आहे. डॉलर घेताना भरायच्या 'ए-२' फॉर्मवर हेतूचा रकाना असतो आणि प्रत्येक हेतूला आपला संकेतांक. मोठ्या रकमेवर आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचा दर शिक्षणासाठी आणि औषधोपचारासाठी इतर बऱ्याच कारणांपेक्षा कमी आहे. कारणांची उतरंड लावायची सवय सरकारने सोडलेली नाही.

बदललं आहे ते उत्तराचं वजन. १९५७ साली सहल म्हटलं की खिडकी बंद व्हायची. आज तो रकान्यातला एक पर्याय आहे, आणि कारकून तो न वाचता शिक्का मारतो. तिजोरीत आज सहाशे अब्ज डॉलरहून अधिक आहेत म्हणून हे परवडतं, हे खरं. पण या शिथिलतेला अजूनही कायद्याने हक्क म्हटलेलं नाही. ती परवानगी आहे, आणि मर्यादा एका परिपत्रकाने खाली आणता येते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत असताना याच योजनेची मर्यादा दोन लाखांवरून ७५,००० डॉलरवर आणलीच होती. गंगाजळी आटू लागली की कारकून तो रकाना पुन्हा वाचू लागेल.